सेम्बावांगच्या कॉरिडॉरमधला किल्ला

२०१४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या दिवाळीत मी सिंगापूरच्या सेम्बावांगला, अकराव्या मजल्यावर, दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एका परक्या देशाचा किल्ला बांधला. मी आणि माझी नात. तिचं नाव ईरा, वय नऊ.

परवा तो कॉरिडॉर बघून आलो. आम्ही आता त्याच शहरात, पासिर रिसला राहतो. बस पकडली आणि एकटाच गेलो, घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "कशाला?" म्हणाले असते. दाराला नवा रंग दिलाय. आमचा किल्ला होता तिथे कुणाची तरी छोटी सायकल आणि चपलांचं कपाट. जाळीच्या दाराआडून एक बाई म्हणाली, "अंकल, कोणाला शोधताय?" मी म्हटलं, "नोबडी." पण तेवढ्यात कुठल्या तरी घरातून लसूण तळल्याचा वास आला, कठड्यापाशी कुणी उदबत्त्या लावलेल्या होत्या त्यांचा धूर आला, आणि मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. बाईने दार लावून घेतलं. तिचंही बरोबर आहे.

सेम्बावांगच्या त्या दिवसांना एक वास होता. शेजारच्या देशातली रानं जळायची आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून यायचा. इथले लोक तोंडाला पट्ट्या बांधायचे, खोकायचे, वैतागायचे. मला मात्र तो राबाचा वास वाटायचा. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात ना, तो. मी खिडकीत उभा राहून तो छातीत भरून घ्यायचो आणि सूनबाई आतून ओरडायची, "नाना, खिडकी लावा! डोळे चुरचुरतील!" दूर गोदीत लोखंडावर घण पडायचे. कोकीळ तर इथे बारा महिने ओरडतो, त्याला ना वसंताची वाट बघायची असते ना आंब्याच्या मोहराची. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. नंतर वाटायला लागलं, ओरडू दे, त्याला तरी कोणी विचारलंय.

मी चौथी पास. गावात माझी पिठाची गिरणी होती. गाव किल्ल्याच्या पायथ्याशी. किल्ल्याचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक लगेच "आम्ही ट्रेकला गेलो होतो" म्हणून फोटो दाखवतात. आम्ही कधी ट्रेकला गेलो नाही, आम्ही गुरं शोधायला जायचो. वर पडके बुरूज, निवडुंग, घोरपडी आणि पाण्याचं एक टाकं, ज्याचं पाणी उन्हाळ्यातही दाताला लागायचं. दिवाळीत प्रत्येक पोराच्या अंगणात त्याच किल्ल्याचं पोर जन्माला यायचं. दगडविटांवर भिजलेलं पोतं टाकायचं, वर लाल माती लिंपायची, अहळीव पेरायचे. कुंभार चित्रं घेऊन यायचा. मावळे, भालदार, कुस्ती खेळणारे दोन पैलवान, गुहेत ठेवायला वाघ. आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. मातीच्या त्या ओल्या वासात फराळाच्या तेलाचा वास मिसळायचा. हाताची नखं भाऊबीजेपर्यंत लालच.

तर सेम्बावांग. माझा मुलगा श्रीकांत बँकेत हिशेब तपासायच्या कामावर. त्या वर्षी त्याची बदली झाली. कुठे, तर लिक्टनस्टाईन.

मी म्हटलं, "हे गावाचं नाव आहे की औषधाचं?"

"देश आहे, नाना. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये. डोंगरातला. एवढासा."

"एवढासा म्हणजे केवढा?"

"आपल्या मुळशी तालुक्यात मावून वर जागा उरेल."

"मग त्याला देश कोण म्हणतं?"

"तिथला राजा म्हणतो."

जानेवारीत जायचं ठरलं. घरात तीच बोलणी. तिथली शाळा, जर्मन भाषा, लोकरीचे कपडे कुठून घ्यायचे. मी जेवता जेवता ऐकायचो. एकदा श्रीकांत ताटाकडे बघत म्हणाला, "नाना, गावच्या घराचं छप्पर दिवाळीनंतर करून घेऊ या. पत्रे बदलू."

मी म्हटलं, "घ्या बदलून."

मला काय कळायचं ते कळलं. "नाना, तुम्ही येता का आमच्याबरोबर?" हे कुणी विचारलं नाही. आणि मी विचारायला जाणार नव्हतो. सगळं आयुष्य लोक पिठाचे डबे घेऊन माझ्या दारात उभे राहिले, मी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. पोटच्या पोराच्याही राहणार नव्हतो. पण मनात तेच. नात्यातलं माणूस गाडीत बसताना "येतोस का?" असं वरवर तरी विचारतं. इथे तेही नाही.

दिवाळीच्या आधी ईरा लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. तिची मराठी म्हणजे भाकरीत मधेच दाताखाली खडा यावा तसं इंग्रजी लागायचं. पण भाकरी होती.

"आजोबा, किल्ला करायचा ना? धिस इयर आपण वाडूझ करू, त्यांची कॅपिटल. तिथे कासल आहे, बघ."

"बघा म्हण," सून आतून म्हणाली.

"तू म्हणू दे," मी म्हटलं. "दाखव."

दाखवलं. डोंगराच्या कड्यावर एक किल्ला, खाली गाव. एक बुरूज जाडजूड, वर लाल टोपीसारखं छप्पर. खिडक्यांना पडदे.

"पडदे कशाला?"

"प्रिन्सची फॅमिली राहते. म्हणून आत कोणाला सोडत नाहीत."

"मग लोक बघायला जाऊन बघतात काय?"

"बाहेरून बघतात, आजोबा! व्ह्यू बघतात!"

मी तोंड वाकडं केलं. पण खरं सांगतो, मनातून मला ते आवडलं होतं. किल्ल्यात अजून माणसं राहतात, चूल पेटते, कुणी तरी पडदे धुऊन वाळत घालतं. आमच्या किल्ल्यावर कधी दिवा दिसला नाही. लहानपणी संध्याकाळी गुरं घरी आणताना मी वर बघायचो, की एखादा तरी दिसेल.

भांडण झालंच. मी म्हणालो, दिवाळीचा किल्ला आपला असतो, असला गोऱ्यांचा नाही. ती म्हणाली, "बट आय अॅम गोइंग टु लिव्ह देअर!" शेवटी तोडगा निघाला. देश तिचा, रीत माझी. माती खरी पाहिजे, पाण्याचं टाकं पाहिजे, आणि वर महाराज बसणार. तिने विचार केला आणि इथली पोरं वाक्याला लावतात ती शेपटी लावून म्हणाली, "ओके ला. पण प्रिन्सच्या शेजारी."

सिंगापुरात माती पिशवीत मिळते, काळी, भुसभुशीत, चिकटपणाचं नाव नाही. शेजारच्या दारात एक चिनी म्हातारा राहायचा. मी त्याला अंकल म्हणायचो, तो मला अंकल म्हणायचा. त्याचे खाली इमारतीच्या सामायिक बागेत वांग्यांचे आणि पालेभाजीचे वाफे होते. त्याने तिथली चांगली तांबडी माती दोन बादल्या भरून दिली. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून आमचं जमायचं. आतून बिस्किटांचे डबे, कपड्यांची टोपली, एक फुटका पंखा, हे सगळं रचून डोंगर केला. वर टाकायला पोतं कुठून आणणार? मी खोलीतली सोलापुरी चादर चिखलात बुडवली.

"नाना! ती माझ्या आईनं दिलेली चादर!" सूनबाई दारात उभी.

"आता ती आल्प्स पर्वत झाली," मी म्हटलं.

ती डोक्याला हात लावून हसत आत गेली. चांगली पोर आहे.

कॉरिडॉर अडवायचा नाही असा इथला नियम, म्हणून सगळा देश भिंतीला चिकटून लांबट झाला. ईरा म्हणाली, तो देश खराच तसा आहे, एका बाजूला डोंगर, एका बाजूला ऱ्हाईन नदी. वाडूझचा किल्ला कड्यावर बसवला. खाली दुसरा एक किल्ला, बाल्झर्स नावाच्या गावातला. सपाट शेतांच्या मध्ये एकच टेकाड उठलंय आणि त्यावर तो. त्याच्या उतारावर द्राक्षाचे वेल, ते आम्ही मेथीच्या काड्यांचे केले. नदीवर एक जुना लाकडी पूल, त्याला घरासारखं छप्पर, आइसक्रीमच्या काड्यांचा. मोहरी पेरली. इथल्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी सगळं हिरवंगार.

मागे तीन शिखरं उभी केली. ईराने सांगितलं, त्या तीन बहिणी. देवीच्या सणाच्या दिवशी देवळात जायचं सोडून रानात बोरं, म्हणजे बेरी, वेचायला गेल्या. एक बाई आली, म्हणाली मला थोडी द्या. नाही दिली. ती बाई म्हणजे देवीच. झाल्या दगड.

मी म्हटलं, "आमच्या डोहावर साती आसरा आहेत. त्या कुणाला दगड करत नाहीत, खणानारळावर भागतं. त्यांनाही बसव."

"सेव्हन? स्पेस नाही ला, आजोबा!"

मग तिने गाईंचे फोटो दाखवले. उन्हाळाभर त्या वर कुरणात चरतात आणि थंडी आली की सजून खाली गावात येतात. गळ्यात मोठाल्या घंटा, डोक्याला फुलं, आणि जिने जास्त दूध दिलं तिच्या कपाळावर लाकडी बदाम. ते बदाम नंतर गोठ्याच्या दारावर ठोकतात. मी तो फोटो किती तरी वेळ हातात धरून बसलो. हा पोळाच की! बेगड, झुली, शिंगांना हिंगूळ, वेशीतून वाजतगाजत. एवढ्या लांब, ज्या देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नव्हतं, तिथल्या माणसालाही आपलं जनावर सजवावंसं वाटतं. मातीचा कळप मीच वळला.

"आजोबा, काऊला हम्प नसतो तिथे!"

"माझ्या हातून वशिंडाशिवाय जनावर होत नाही. घ्यायचं तर घे."

घेतलं तिने. आल्प्सच्या कुरणात आमची खिल्लारं चरायला लागली.

बर्फाची मात्र फजिती झाली. ईरा कापूस आणत होती, मी अडवलं. म्हटलं, गिरणीवाल्याच्या घरात बर्फ कापसाचा? तांदळाचं पीठ घेतलं, चाळणीतून तिन्ही बहिणींवर असं अलगद झाडलं की काय सांगू. पिठाचा तो वास नाकात गेला आणि गिरणीचा पट्टा कानात फटफटायला लागला. जात्यातून पडणारं कोमट पीठ, भुवया पांढऱ्या, दारात बायांची गर्दी आणि त्यांच्या गप्पा... ईरा म्हणाली, "वॉव, आजोबा, रिअल स्नो!" सकाळी बघतो तर साळुंक्यांची पंगत बसलेली आणि मुंग्यांची दिंडी निघालेली. दुपारी वादळ आलं, पाऊस आडवा कॉरिडॉरमध्ये घुसला, आणि उरलेल्या पिठाची खीर होऊन ऱ्हाईन नदीत गेली.

"तुझा स्नो इडली होतोय ला," ईरा पोट धरून हसत होती.

मग वातींचा कापूस लावला. मी त्या शिखरांकडे दोन दिवस बघितलं नाही.

हे सगळं गेलं. कठड्यावरून येणारं तिरपं ऊन, चिखलाने बरबटलेले चार हात, फरशीवर उमटलेली तिची लहान पावलं, तिची ती "ला". तिकडची वर्षं संपवून सगळे परत सिंगापूरला आले. आता ती चौदाची आहे, नखांना रंग लावते, दार लावून अभ्यास करते, आणि मराठी बरीच स्वच्छ बोलते. खडे गेले. मला ते हवे होते.

किल्ला पुरा झाल्यावर ईराने माणसं केली. एक पपा, हातात बॅग. एक आई, गळ्यात मफलर. एक ती स्वतः, दोन वेण्या. तिघं वाडूझच्या बस थांब्यावर उभी. मी पाटावर बसून बघत होतो. चौथं माणूस काही होईना. ती माती मळायची आणि मला वाटायचं, आता. तर झाड व्हायचं. पुन्हा मळायची, तर कुत्रं व्हायचं. कुत्र्यालाही जागा मिळाली. मी विचारलं नाही. उठलो, खाली गेलो, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर संध्याकाळपर्यंत बसलो. सूनबाई शोधत आली तेव्हा म्हटलं, "हवा खातोय."

पाडव्याच्या संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लावल्या. श्रीकांत ऑफिसातून आलेला, अजून बूटही काढले नव्हते. शेजारचा अंकल खाकऱ्यासारख्या कसल्याशा कुरकुरीत चकत्यांचा पुडा घेऊन किल्ला बघायला आला. मातीवर त्याचा हक्कच होता. कमरेत वाकून त्याने सगळं बघितलं. महाराजांना नमस्कार केला, प्रिन्सला केला नाही, ते मला फार बरं वाटलं. मग बस थांब्यावर बोट ठेवलं.

"धिस पापा. धिस मामा. धिस गर्ल. धिस डॉग." मग मान वर करून मला म्हणाला, "अंकल, वेअर यू?"

पणतीची वात तडतडली.

ईराने बापाकडे बघितलं. "पपा, सांगू?"

श्रीकांतने हातातली बॅग खाली ठेवली.

"पपा म्हणाला आजोबांना करू नकोस. ठेवलं आणि मग खरं नाही झालं तर आजोबांना सॅड वाटेल."

मी श्रीकांतकडे बघितलं. तो बुटाची नाडी सोडायला खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला. म्हणाला, "नाना, तिथे आईवडिलांना राहायची परवानगी मिळत नाही. बातमी आल्यापासून मी सगळीकडे विचारतोय. फार तर तीन महिने. तेही पाहुणे म्हणून. तुम्हाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की माझ्या घरी पाहुणे म्हणून या?"

"म्हणून छपराचं काढलंस?"

"मग काय काढू?"

"विचारायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतंत!" तो एकदम ताठ झाला. "दोन महिने तुम्ही माझ्याशी पत्र्यांवर बोलताय!"

मला राग यायला हवा होता. पण त्याचं नाक लाल झालं होतं, लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं. आणि बोलला तेही माझ्याच आवाजात, माझ्याच हट्टाने.

तेवढ्यात ईराने बादलीतली उरलेली माती घेतली आणि भराभर एक म्हातारा केला. मिशा माझ्याच, पोट जरा जास्त. हातात काडीची काठी. तो तिने लाकडी पुलावर नेऊन ठेवला, बरोबर मध्यावर.

"ब्रिजच्या मिडलला बॉर्डर आहे," ती म्हणाली. "हाफ आजोबा स्वित्झर्लंडमध्ये, हाफ आपल्या कंट्रीत. मग कोणीच गो बॅक म्हणणार नाही."

सूनबाई पणतीत तेल घालायला वळली. पणती भरलेलीच होती.

मी खाकरलो. म्हटलं, "मी पुलावर उभा राहणार नाही. पूल काय उभं राहायला असतो? येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत?" मग श्रीकांतला विचारलं, "तीन महिने म्हणजे कोणते?"

"तुम्ही म्हणाल ते, नाना."

"ऑगस्ट!" ईरा ओरडली. "फिफ्टीन्थ ऑगस्टला त्यांचा पण नॅशनल डे असतो! सगळे लोक वर कासलकडे चालत जातात. त्या दिवशी प्रिन्स गार्डन ओपन करतो. आणि नाइटला फायरवर्क्स!"

"पंधरा ऑगस्ट? तो तर आपला."

"त्यांचा पण, आजोबा."

"बरं. असू दे त्यांचाही. चढ कसा आहे?"

"स्टीप. पपा म्हणाला हाफ अवर लागतो."

"तुझ्या पपाला लागत असेल," मी म्हटलं. "मला तिथे ठेव. वाटेवर. वर तोंड करून."

तिने पुलावरून म्हाताऱ्याला उचललं आणि किल्ल्याच्या वाटेवर, मोहरीच्या रोपांमध्ये, चढणीला ठेवलं.

"काठी काढ," मी म्हटलं.

तिने काठी काढली. श्रीकांत बूट तसेच घालून माझ्या शेजारी फरशीवर बसला. अंकलने चकत्यांचा पुडा फोडला आणि सगळ्यांत आधी माझ्यापुढे धरला. पणत्या विझेपर्यंत आम्ही खात बसलो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. कोणी उठायच्या आत मी आंघोळ उरकली, लिफ्टने खाली गेलो आणि जिन्याने वर यायला निघालो. अर्ध्यावर छाती भात्यासारखी चालायला लागली. कठडा धरून उभा राहिलो, बसलो मात्र नाही. पाण्याचा डबा घेऊन रोजच्यासारखा जिन्याने उतरत बागेत निघालेला अंकल नेमका समोर आला. थांबला, मला खालीवर बघितलं.

"अंकल, लिफ्ट स्पॉइल आ?"

"नो," मी म्हटलं. "लिफ्ट गुड." आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.